रफूच्या लेकीची पँट

“पँट पसंत पडली म्हणतात लोक. पण पडल्याशिवाय पँट पसंत पडते का कधी?”

रफू हे एकदा म्हणाली तेव्हा तिच्या ओठांत दोरा होता आणि मांडीवर गुडघ्याशी फाटलेली एक पँट. ती विनोद करत नव्हती. ती क्वचितच विनोद करायची, आणि केला तर तो झाल्याचं तिला उशिरा कळायचं. तिला खरोखर एक शंका आली होती आणि ती कोणाला तरी विचारायची होती. समोर मी होतो, बाहीला भोक पडलेला कोट घेऊन. तिने चष्म्यावरून कोटाकडे पाहिलं.

“हा कशाने फाटला?”

“माहीत नाही. फाटला.”

“असं कसं? अंगात होता ना तुमच्या?”

मी ओशाळलो. माझ्या अंगावरचं काहीतरी फाटतं आणि मला पत्ता नसतो, ही गोष्ट तोवर मला गंभीर वाटली नव्हती. तिने कोट घेतला नाही. “आठवून या,” म्हणाली. दोन दिवसांनी मी आठवून गेलो. कचेरीतल्या कपाटाची कडी. मग तिने कोट घेतला.

तिच्या दुकानाच्या पाटीवर ‘रफू’ एवढी दोनच अक्षरं होती, तीही तिच्या वडिलांनी रंगवलेली. आधी वडिलांना सगळे रफू म्हणत, त्यांच्यानंतर तिला म्हणू लागले. वडील रफूगार, भाऊ रफूचक्कर, असं ती सांगायची. भाऊ एकोणिसाव्या वर्षी जहाजावर गेला तो तिकडचाच झाला, आणि सुई हिच्या हातात आली. तेव्हापासून चौतीस वर्षं ती त्याच खोलीत बसत होती. खोली जिन्याखालची, अर्धी जमिनीत. खिडकी वर, रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिथून येणारी-जाणारी माणसं फक्त गुडघ्यापर्यंत दिसत. माणसं तिला चेहऱ्यांपेक्षा पँटच्या मोहऱ्यांवरून जास्त ओळखू यायची. कोणाची टाच आत झिजते, कोणाच्या साडीचा काठ डाव्या बाजूला लोंबतो, कोण हल्ली पाय ओढत चालतं. एकदा तिने एका म्हाताऱ्याला खिडकीतूनच हाक मारून सांगितलं होतं, “अहो, डॉक्टरला दाखवा, तुमची उजवी मोहरी महिनाभरात दीड बोट जास्त झिजलीय.”

मग एक दिवस खिडकीतून पायांच्या जागी चाकं जाताना दिसली.

गल्लीच्या पलीकडे पोहण्याचा एक सार्वजनिक हौद होता, बरीच वर्षं बंद आणि कोरडा. त्याच्या भिंती तळाशी गोलाई घेऊन वर चढत. स्केटबोर्डवाल्या मुलांना ही गोलाई कुठून कशी कळली कोण जाणे, पण दुपार कलली की ती तिथे जमू लागली. स्केटबोर्डला ती फळी म्हणत आणि गल्ली त्यांना फळीवाले म्हणे. काही कामधंद्याला लागलेले, काही शिकणारे, आणि सगळे फाटलेले.

पहिली आली लंगडी. हे तिचं हौदातलं नाव. एका पायाने जमीन ढकलत ती इतकी लांब जायची की लंगडी खेळतेय असं वाटावं. एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती.

“काकू, याला ठिगळ लावून मिळेल?”

“ठिगळ नाही. रफू मिळेल. कशी पडलीस?”

“पडले म्हणजे पडले.”

“पुढे की बाजूला? हात आधी टेकला की गुडघा?”

लंगडीला वाटलं काकू फिरकी घेतेय. पण काकूने कोणतं कापड कशाने फाटलं ते टिपायची वहीच उघडली होती. शेवटी लंगडीने दुकानातच, शिलाईच्या यंत्राला न लागता, पडून दाखवलं. रफूने मान हलवली, पँट पालथी केली, आतल्या दुमडीतून तिचेच धागे ओढून काढले आणि जुन्या काचेच्या बल्बवर कापड ताणून कामाला लागली. उभे धागे आधी, मग आडवे. तिसऱ्या दिवशी पँट परत घेताना लंगडीने गुडघा उलटासुलटा पाहिला.

“काकू, फाटलं कुठे होतं?”

“तेच तर.”

“पण मग मी पडले याचा पुरावाच नाही राहिला!”

रफूला हे वाक्य लागलं. चौतीस वर्षांत कोणी पुरावा मागितला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती घडीची खुर्ची घेऊन हौदाच्या काठावर जाऊन बसली आणि दोन तास मुलं कशी पडतात ते बघत राहिली. त्या दिवशी डॉक्टर नावाचा एक पोरगा भिंतीच्या कडेवरून खाली आला. त्याला डॉक्टर म्हणत कारण त्याच्या अंगातली सात हाडं मोडून झाली होती आणि एक्स-रे तो स्वतःच वाचायचा. तो आपटला तेव्हा बाकीच्यांनी फळ्या जमिनीवर आपटून त्याला दाद दिली. रफूने विचारलं, “हे टाळ्या वाजवतात ते पडण्याला की उठण्याला?” त्यावरून त्यांच्यात पाच मिनिटं भांडण झालं. तेव्हापासून ती त्यांची झाली.

तिला नवरा होता, बँकेच्या दारावरचा रखवालदार, आणि एक लेक. नवरा म्हणायचा, “आमच्या घरात बायको फाटलेलं जोडते आणि लेक फाटक्या तोंडाची.” लेक सत्तावीस वर्षांची, कपड्यांच्या एका कंपनीत नमुने तयार करणाऱ्या विभागात होती आणि हल्ली कंपनीजवळच खोली घेऊन राहायची. आईच्या खोलीतल्या अंधाराचा तिला लहानपणापासून राग. “झालेलं झालंच नाही असं दाखवायचं, हाच तुझा धंदा,” असं ती सोळाव्या वर्षी आईला म्हणाली होती. आईने त्यावर विचार केला होता.

ही लेक एके दिवशी हौदावर आली, हातात एक मोठं खोकं घेऊन. सोबत आई, आईच्या सोबत घडीची खुर्ची.

कंपनी रस्त्यावर वावरणाऱ्या मुलांसाठी कपड्यांचा नवा ब्रँड काढत होती आणि त्याच्या पँटचा नमुना लेकीने तयार केला होता. चार वर्षांतली ही तिची तिसरी नोकरी. तिने मुलांना सगळं सरळ सांगितलं, कारण आडवळणाने बोलणं तिला येतच नसे.

“अकरा पँट आहेत. फुकट. बारा दिवस घालायच्या, खेळायचं, पडायचं. बाराव्या दिवशी आमचे साहेब येऊन बघणार. टिकल्या तर चार हजार कापायला घेणार. नाही टिकल्या तर आमचा विभाग बंद आणि मी घरी.”

“म्हणजे तुझी नोकरी आमच्या ढुंगणावर अवलंबून आहे,” डॉक्टर म्हणाला.

“गुडघ्यावर. ढुंगणाचं कापड वेगळं आहे.”

खोकं उघडलं. पँट ढगळ होत्या, जाड सुती कापडाच्या, पाण्यात भिजलेल्या सिमेंटच्या रंगाच्या. मागच्या खिशावर ब्रँडचं नाव टपोऱ्या अक्षरांत: घसट.

“घसट!” पोस्टमन ओरडला. हा सकाळी सायकलवरून टपाल वाटायचा आणि दुपारी फळीवर. “आमच्याशी घसट वाढवायला आलेत रे!”

“नाव माझं नाही,” लेक म्हणाली. “नाव वरच्या मजल्यावर ठरतं.”

“आणि ते छापलंय कुठे बघ. खिशावर! पहिल्याच आपटीत ‘घ’ जाईल, दुसरीत ‘स’. उरेल नुसता ‘ट’.”

“ट ला ट जोडणारे वरच्या मजल्यावर भरपूर आहेत,” लेक म्हणाली आणि पोरं हसली. आता ती जरा सैलावली. लंगडीने एक पँट हातात घेऊन उंच धरली. दोन्ही गुडघ्यांवर कापडाचा दुसरा थर शिवलेला होता आणि दोन्ही थर मुद्दाम घासून सारखे फिकट केलेले होते, जणू पँट वर्षभर वापरलीय.

“हे काय?”

“झिजल्यासारखं दिसावं म्हणून.”

“दोन्हीकडे?”

“हो. का?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. “अगं, दोन्ही गुडघ्यांवर एकदम पडतो तो माफी मागणारा,” पोस्टमन म्हणाला. “फळीवरून पडणारा एकाच गुडघ्यावर पडतो. डावा पाय पुढे असेल त्याचा एक झिजतो, उजवा पुढे असेल त्याचा दुसरा. दोन्ही झिजलेले घालून मी हौदात उतरलो तर लोक विचारतील, बायकोने घरातून काढलं का?”

लेकीचा चेहरा पडला. ती आईकडे वळली. “तू कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस,” रफू म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. तिचं लक्ष पँटकडे होतं.

“आई, तू सांग ना यांना घालायला. तुझं ऐकतात.”

“मी कोणाला घाल म्हणत नाही. फाटलं की आण म्हणते.”

लंगडी तेवढ्यात हौदाच्या पायऱ्यांआड जाऊन पँट बदलून आली होती. दोन पावलं चालली, बसली, उठली, एक पाय छातीपर्यंत उचलला. मग फळी टाकली आणि हौदात उतरली. सगळे बघत राहिले. ती भिंतीवर चढली, कडेला टेकली, परत आली. पुन्हा गेली. चौथ्यांदा वर येऊन थांबली.

“गुडघे दळभद्री आहेत,” ती म्हणाली. “पण द्या, मी घालते.”

मग सगळ्यांनीच घेतल्या.

पाचव्या दिवशी पोस्टमन रफूच्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

“काकू, तुमच्या लेकीला सांगू नका.”

पँट फाटली होती. गुडघा शाबूत होता, दुहेरी थर जसाच्या तसा. फाटलं होतं थराच्या खालच्या कडेला, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, पट्टी ठेवून कापल्यासारखं. रफूने विचारलं, कसा पडलास. उजव्या अंगावर घसरत. सहाव्या दिवशी डॉक्टर आला. तो मागे पडला होता, गुडघा जमिनीला लागलाच नव्हता, नुसता दुमडला होता. फाटलं होतं तिथेच. नवव्या दिवसापर्यंत सात पँट आल्या. लंगडी शेवटची. सात तऱ्हांची पडणी आणि फाटणं एकच.

“आम्ही आपसांत ठरवलंय,” लंगडी म्हणाली. “तुम्ही रफू करा, आम्ही साहेबासमोर घालू. तिची नोकरी जायला नको.”

रफूने ते ऐकलं, पण तिच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. तिने साती पँट मेजावर ओळीने मांडल्या आणि दिवसभर त्यांच्याभोवती फिरत राहिली. मी त्या सुमारास गेलो तेव्हा ती इतकी आनंदात होती की मला वाटलं घरात काही चांगलं झालंय. “बघा,” ती म्हणाली, “बघा तर खरं.” तिला कारण सापडलं होतं. रफूची कड कधी सरळ संपवायची नसते, हे तिच्या वडिलांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. एक टाका पुढे न्यायचा, दुसरा मागे ठेवायचा, तिसरा आणखी पुढे; कड दातेरी व्हायला हवी. म्हणजे ओढ लागली की ती दहा धाग्यांत वाटली जाते. कड सरळ असली की सगळी ओढ एकाच धाग्यावर येते. तो तुटला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. लेकीने गुडघा मजबूत केला होता, इतका मजबूत की त्याच्या सरळ कडेने खालचं कापड पट्टीने फाडावं तसं फाडलं होतं. ठिगळ टिकलं, पँट गेली.

“मग लेकीला सांगितलंत?”

“फोन लागत नाहीये तिचा. परवा येणारच आहे, तेव्हा सांगते.”

आणि दरम्यान रात्री जागून तिने साती पँट रफू केल्या. का, असं मी विचारलं नाही. काही माणसांना उघडं दार दिसलं की ते लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रत्येक पँटचा धागा त्याच पँटच्या आतल्या दुमडीतून घेतलेला. कड दातेरी. तिच्या हातून इतकं चांगलं काम त्या वर्षात झालं नव्हतं.

बाराव्या दिवशी साहेब हौदावर आले, लेक त्यांच्यासोबतच, त्यामुळे रफूला तिला बाजूला घेता आलं नाही. चांगला माणूस होता, गुडघे दुखत असूनही खाली बसला आणि अकराच्या अकरा पँट स्वतः तपासल्या. मोहऱ्यांना माती, खिशावरचं नाव घासलेलं (पोस्टमनचा खरंच ‘ट’ उरला होता), पण गुडघे ठणठणीत. डॉक्टरच्या गुडघ्याखाली त्यांनी अंगठा फिरवला. नेमका रफूवरून. रफू खुर्चीवर बसून बघत होती. अंगठा गेला, परत आला, थांबला नाही.

“पहिल्यांदा मला आनंदच झाला,” तिने मला नंतर सांगितलं. खोटं कशाला बोलू, अशा आवाजात. “वाटलं, कळलं नाही यांना. कपड्यात उभा जन्म गेलेला माणूस, आणि त्याच्या बोटाला कळलं नाही.”

“बारा दिवस,” साहेब उठत म्हणाले. “बारा दिवस ही पोरं आपटतायत आणि एक धागा नाही गेला. चार हजार. उद्या सकाळी नऊला कटिंग.”

लेकीने आईला मिठी मारली. पोरांनी फळ्या आपटून दाद दिली. त्या गलक्यात रफूचं सांगायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं होतं आणि लंगडी तिच्याकडे एकटक बघत होती.

संध्याकाळी रफूने लेकीला फोन केला.

“अगं, ती गुडघ्याची शिवण आहे ना...”

“आई, आज शिवणीचं नको. आज नुसती खूश हो. तुला माहितीये, साहेबांनी माझं नाव घेतलं सगळ्यांसमोर! आणि तू रडत होतीस का गं हौदावर? मला वाटलं तू रडतेयस.”

“नाही.”

“बरं, बाबांना सांग. ठेवते.”

बाबांना तिने सांगितलं, पण सगळंच. बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“म्हणजे आता तू पोरीच्या पोटावर पाय देणार.”

“चार हजार माणसं पडणार आहेत त्या पँट घालून.”

“पडू देत. पँट फाटेल, माणूस तर नाही.”

“फाटली की काय म्हणतील, कोणाची पँट? साहेबाची म्हणतील?”

नवऱ्याने ताट बाजूला सारलं. “साहेबाला जाऊन सांगणार?”

“साहेबाला कशाला? चूक तिची आहे. तिला दाखवते.”

“दाखवशील काय? तूच तर मिटवून ठेवलंयस सगळं.”

सकाळी आठला रफू झेरॉक्सच्या दुकानात गेली. लंगडी यंत्र पुसत होती. अंगात तीच पँट.

“काढ पँट.”

“इथे?”

“मागे जाऊन काढ. मी गिऱ्हाईक बघते.”

लंगडी दुकानाच्या निळ्या अ‍ॅप्रनमध्ये स्वतःला गुंडाळून बाहेर आली. पँट हातात धरून ठेवली होती, देत नव्हती. “काकू, तुम्ही उसवणार.”

“हं.”

“तिची नोकरी जाईल.”

रफूने पँटचं दुसरं टोक धरलं होतं. ओढलं नाही. विचारलं, “तुला ही पँट खरंच आवडली का गं? की माझी लेक म्हणून?”

लंगडीने विचार केला. एक माणूस ओळखपत्राची प्रत काढायला आला होता, त्याला हातानेच थांब म्हणाली. “नाव वाईट आहे. गुडघ्याचा फिका रंग तर भिकारच. पण पाय उचलला ना, की पँट पायाबरोबर येते, मागे राहत नाही. मला अशी पँट कधी मिळाली नव्हती. वाईट असती तर तुमच्याकडे आणलीच नसती. फाटकी तशीच घालून साहेबासमोर मुद्दाम फिरले असते.”

मग तिने पँट सोडली. ओळखपत्रवाला माणूस विचारत होता, दोन्ही बाजूंची काढायची की एकाच.

पुढचं मला कंपनीच्या कटिंग मास्तरांनी सांगितलं. त्यांचाही कोट रफूकडे असतो.

कटिंगची खोली लांबट होती आणि तिच्या मधोमध एकच मेज, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यावर सिमेंटच्या रंगाचं कापड साठ थरांत पसरलेलं आणि सगळ्यात वर मापं आखलेला कागद: डावी पुढची, उजवी पुढची, मागच्या, खिसे, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत गुडघ्याचे चौकोन. मास्तर कापायच्या यंत्राला पातं लावत होते. साहेब होते. लेक हातात चहाचा पेला घेऊन मेजाच्या टोकाला उभी होती, कोणीतरी आपला फोटो काढणार आहे अशी.

“आई? तू इथे कशी?”

रफूने एक स्टूल ओढून दिव्याखाली घेतलं, पँट मांडीवर पालथी घातली, डबीतून सगळ्यात बारीक सुई काढली आणि गुडघ्याखालच्या कापडात टोक घातलं.

“काकू, या या,” साहेब म्हणाले. मग जवळ आले. “अहो, चांगली पँट का फाडताय?”

मास्तर पातं ठेवून वाकले होते. “फाडत नाहीयेत, साहेब,” ते हळू म्हणाले. “उसवतायत.”

एक धागा आला. मग दुसरा. मास्तर म्हणतात, तोवर त्यांनाही तिथे काही आहे हे दिसलं नव्हतं, आणि दिसू लागलं तेव्हा कापडच आपलं फाटणं आपल्या मनाने आठवू लागल्यासारखं वाटलं. रफू धागे तोडत नव्हती. एकेक पूर्ण काढून डाव्या तळहातावर ठेवत होती. दहा मिनिटं गेली असतील. कोणी खोलीबाहेर गेलं नाही. शेवटचा धागा आल्यावर तिने पँट सुलटी केली आणि मेजावर, कागदावरच्या गुडघ्याच्या चौकोनाशेजारी, पसरून ठेवली.

लेकीने पेला खाली ठेवला. फाटलेल्या जागेत दोन बोटं घातली आणि एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत नेली. बोटं कुठेच अडली नाहीत. मग तिने कागदावरच्या चौकोनाची खालची रेघ पाहिली. तीच रेघ.

“किती?” तिने विचारलं.

रफूने सात बोटं दाखवली.

“अकरातल्या सात.” लेक पुन्हा वाकली. तिने कापड दिव्याकडे धरलं, कडेचे तुटलेले धागे नखाने वेगळे केले, फाटलेली जागा ओढून बघितली, सोडून बघितली. “सगळ्या इथेच?” मग ती स्वतःशीच म्हणाली, “इथेच. कड सरळ आहे म्हणून.”

“एखादी फाटते,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते घड्याळाकडे बघत होते. “मुलं दांडगट आहेत. साधी गिऱ्हाइकं कुठे पडायला जातात? मास्तर, यंत्र चालू करा.”

मास्तरांनी यंत्राला हात लावला, पण चालू केलं नाही. ते लेकीकडे बघत होते. कागदाच्या कोपऱ्यात नमुन्याखाली सही तिची होती.

“मास्तर, कापू नका,” लेक म्हणाली. “गुडघा चुकलाय. माझा चुकलाय.”

“याचा अर्थ माहितीये ना तुला?” साहेबांनी विचारलं.

“माहितीये.”

“आणि तरी?”

“साठ थर आहेत, साहेब. एकदा पातं फिरलं की यातला एकही परत जोडता येणार नाही.”

साहेब दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि दोन्ही गुडघे चोळू लागले. लेकीने मास्तरांच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली. चौकोनाच्या खालच्या रेघेवर फुली मारली. मग शेजारी एक नवी कड काढायला घेतली, एक टोक पुढे, एक मागे. पहिली दोन टोकं वेडीवाकडी आली. तिने ती खोडली नाहीत. तिसरं काढताना तिने वर पाहिलं. आईने बरोबर आहे म्हणावं, किंवा चूक आहे म्हणावं, काहीही म्हणावं.

रफूने सुई डबीत ठेवली. तळहातावरचे धागे रुमालात बांधले. स्टूल होतं तिथे नेऊन ठेवलं. लेकीच्या मागून जाताना ती क्षणभर थांबली, कागदावर वाकली, तिसरं टोक पाहिलं; ते नीट आलं होतं. मग साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून, दार लोटून ती बाहेर पडली.